स्विच चिपचा ड्रायव्हर: पॅकेटला हात न लावता पोर्ट कसे सांभाळायचे

जुलैमध्ये ऑफिसात नवे ट्रेनी येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यापैकी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहतं. यंदा पावसाने लोकल रखडलेल्या दिवशी, ऑफिस अर्धं रिकामं असताना, एक मुलगी आली.

"सर, राउटरच्या लॅन१ पोर्टला एक लॅपटॉप आहे, लॅन२ ला दुसरा. मधून ४ जीबीची फाइल कॉपी होतेय, स्पीडपण पूर्ण येतोय. पण पॅकेटं बघायला राउटरमध्ये लॅन१ वर टीसीपीडम्प लावला तर पत्ता विचारणारे दोन-चार एआरपी दिसले आणि मग शुकशुकाट. ड्रायव्हर पॅकेटं हरवतोय का?"

"हरवत नाहीये. ती त्याच्याकडे येतच नाहीत," मी म्हटलं. "आली असती तर काळजी करायची."

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर वाचून आलेल्याला हे पचायला वेळ लागतो. कार्डाच्या ड्रायव्हरमधून प्रत्येक पॅकेट जातं. स्विच चिप म्हणजे राउटरच्या पोर्टांमध्ये पॅकेटं इकडून तिकडे पाठवणारी चिप, आणि तिच्या ड्रायव्हरचं काम वेगळं. कुठलं पोर्ट उघडायचं, कुणी कुणाशी बोलायचं, कुठला पत्ता कुठे सापडेल, हे तो चिपला आधी सांगून ठेवतो आणि बाजूला होतो. माल त्याच्या हातून जात नाही. खालचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून अडलात की इथे परत या.

सामान

ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण तसं कुणी म्हणत नाही) आणि पाच पोर्टांचा एखादा जुना राउटर शोधा. मीडियाटेकची एमटी७६२१ चिप असलेला मिळाला तर उत्तम. तिच्या पोटातच एमटी७५३० नावाचा स्विच असतो, लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर वाचायला उघडा आहे आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरांसाठीचं लिनक्स) अशा बऱ्याच राउटरांवर चढतं. या स्विचला सात पोर्ट आहेत, ० ते ६. त्यांतले ० ते ४ बाहेरच्या सॉकेटांना जातात, ६ नंबरचं आत प्रोसेसरकडे.

त्याच फेरीत यूएसबीवरून सिरियल देणारी केबल घ्या, ३.३ व्होल्टची. बोर्डावर ग्राउंड, टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) एवढ्याच तीन पिना जोडायच्या. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स समोरच्या टीएक्सला. वीज देणारी चौथी वायर मोकळी ठेवा. स्पीड ११५२०० किंवा ५७६००. स्क्रीनवर कचरा उमटला तर दुसरा आकडा टाका. ही केबल टाळून "एसएसएचने, नेटवर्कवरूनच लॉगिन करून, भागेल की" म्हणणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी स्वतःला राउटरबाहेर कुलूपबंद करून घेतो, कारण ज्या पोर्टवरून तुम्ही आत आलाय त्याच पोर्टची वायरिंग तुम्ही बदलताय.

कमांड आणि रजिस्टरांची (चिपमधल्या आकडे ठेवायच्या कप्प्यांची) नावं मी इथे बोलतो तशी लिहिलीत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

दोन वाटा

कागदावर एक चौकोन काढा, ती स्विच चिप. उजवीकडे पाच रेघा काढा, ते बाहेरचे पोर्ट. डावीकडे एक जाड रेघ, ती प्रोसेसरच्या इथरनेटला जाते, लिनक्समध्ये ती ईथ० म्हणून दिसते. आता खालून दोन बारीक रेघा काढा: एक घड्याळाची, एमडीसी, एक डेटाची, एमडीआयओ. पॅकेटं जाड रेघेने येतात-जातात. ड्रायव्हर जे काही सांगतो ते या दोन बारीक वायरींवरून. काही चिपना एमडीआयओऐवजी एसपीआय किंवा आयटूसी असतं; वायरी बदलतात, गोष्ट तीच.

एमडीआयओवरून चिपशी पहिलं बोलणं

या वायरीवरचा एक व्यवहार ६४ बिटांचा असतो. आधी ३२ वेळा १, मग सुरुवातीची खूण, वाचायचंय की लिहायचंय, ५ बिट उपकरणाचा पत्ता, ५ बिट रजिस्टरचा नंबर, दिशा बदलायला २ बिट, आणि शेवटी १६ बिट डेटा. पत्त्याला ५ बिट म्हणजे एका वायरीवर ३२ उपकरणं, प्रत्येकात ३२ रजिस्टरं. मूळ नियमाप्रमाणे घड्याळ जास्तीत जास्त २.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका व्यवहाराला २५.६ मायक्रोसेकंद. प्रोसेसरच्या मानाने ही बैलगाडी आहे.

बाहेरच्या प्रत्येक पोर्टामागे एक फाय असतो, म्हणजे तांब्याच्या वायरीवरचा सिग्नल सांभाळणारा तुकडा. फायच्या २ आणि ३ नंबरच्या रजिस्टरांत त्याची ओळख असते. ती वाचा. उत्तरात सोळाच्या सोळा बिट १ आले, म्हणजे हेक्समध्ये एफएफएफएफ, तर चिप काही सांगत नाहीये. त्या पत्त्यावर कुणी नाही, आणि वायर रेझिस्टरमुळे वरच राहिलीय. चिप रीसेटमध्येच अडकलेली असेल, पत्ता चुकला असेल किंवा चिपला वीजच नसेल. सगळी शून्यं आली तर वायर जमिनीला टेकलीय का बघा. या दोन उत्तरांना "काहीतरी डेटा आला" समजून पुढे जाणारे मी खूप पाहिलेत. त्यांत एकदा मीपण होतो.

आता अडचण अशी की फायला ३२ रजिस्टरं पुरतात, अख्ख्या स्विचला नाही पुरत. एमटी७५३० ची रजिस्टरं ३२ बिटांची आहेत आणि हजारोंच्या पत्त्यांवर पसरलेली. मग १६ बिटांच्या खिडकीतून ती वाचायची कशी? पान उलटून. हे एकदा हाताने करून बघा, ड्रायव्हरचा अर्धा कोड आपोआप वाचता येईल.

चिपची ओळख हेक्स ७एफएफसी या पत्त्यावर आहे. स्विच एमडीआयओवर ३१ नंबरच्या पत्त्यावर बसलेला असतो. पत्त्याचे शेवटचे ६ बिट सोडून जे उरतं तो पान-नंबर: इथे ५११. सोडलेल्या सहांतले वरचे ४ बिट म्हणजे पानावरची ओळ: इथे १५. तर, रजिस्टर ३१ मध्ये ५११ लिहा, पान उलटलं. रजिस्टर १५ वाचा, खालचे १६ बिट मिळाले. रजिस्टर १६ वाचा, वरचे १६ बिट मिळाले. वरच्या अर्ध्यात हेक्स ७५३० दिसलं की चिप भेटली! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी खुर्चीतून उठून चहा घ्यायला गेलो होतो, इतकं बरं वाटलं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि नवख्याच्या कोडमधल्या चुका बहुतेक इथल्याच असतात. पहिली: एका वाचनाला तीन व्यवहार लागतात, आणि मधेच दुसऱ्या धाग्याने (थ्रेडने) पान उलटलं तर तुम्ही भलत्याच ओळीचा आकडा वाचाल. म्हणून तिन्ही मिळून एकाच लॉकखाली. दुसरी: तीन व्यवहार म्हणजे सुमारे ७७ मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) तुमचा धागा झोपवू शकतो, म्हणजे थांबवून ठेवू शकतो. त्यामुळे ही रजिस्टरं जिथे झोपायला मनाई आहे तिथून, म्हणजे इंटरप्टच्या (हार्डवेअरने मारलेल्या तातडीच्या हाकेच्या) आतून किंवा स्पिनलॉक धरून, वाचायची नाहीत. काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाका किंवा इंटरप्टला स्वतःचा धागा द्या. स्विच ड्रायव्हरात "हे थेट का नाही केलं, काम मागे का ढकललं?" असा प्रश्न पडला, तर उत्तर दहातल्या नऊ वेळा ही बैलगाडी असते.

डिव्हाइस ट्रीत नकाशा

यूएसबीची वस्तू लावली की स्वतःचं नाव सांगते. स्विच चिप सांगत नाही. कुठल्या पत्त्यावर बसलीय, कुठल्या पोर्टाला काय नाव, प्रोसेसरकडे जाणारं पोर्ट कुठलं, हे तुम्ही डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) लिहून द्यायचं. प्रोसेसरकडच्या पोर्टात ‘इथरनेट’ या नावाने ईथ० कडे बोट दाखवायचं आणि ‘फिक्स्ड-लिंक’ लिहायचं, स्पीड १०००, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी). कारण त्या रेघेवर फाय नाही, केबल नाही, वाटाघाटी करायला समोर कुणी नाही. स्पीड आधीच ठरलेला.

पोर्टांची नावं लिहिताना डब्यावर छापलेल्या क्रमावर विश्वास ठेवू नका. छापील १ हे चिपचं ३ असू शकतं, उलट्या क्रमानेही असतं. एक केबल घ्या, प्रत्येक सॉकेटात लावा, लॉगमध्ये कुठलं पोर्ट वर आलं ते कागदावर टिपा. दोन मिनिटांचं काम आहे.

बूट होताना लॉगमध्ये ५१७ हा एरर दिसला तर घाबरू नका. ईथ० चा ड्रायव्हर अजून तयार नाही, म्हणून स्विचचा ड्रायव्हर "नंतर येतो" म्हणून परत गेला. तो पुन्हा येतो. येतच राहिला आणि जागा कधी मिळालीच नाही, तर ‘इथरनेट’वालं बोट चुकीकडे दाखवलंय.

रीसेट, आणि लगेच दारं बंद

ड्रायव्हर जागा झाला की आधी रीसेटची पिन खाली ओढतो, डेटाशीट सांगेल तेवढा वेळ धरतो, सोडतो, चिप सावरेपर्यंत थांबतो. मग ओळख वाचतो. आणि मग, बाकी काहीही करायच्या आधी, सगळी पोर्ट बंद करतो.

हे का, ते मी घरी शिकलो. बऱ्याच स्विच चिप वीज मिळताच कुणी काही सांगायच्या आधी साध्या बिनडोक स्विचसारख्या वागायला लागतात: सगळी पोर्ट एकमेकांना जोडलेली, वॅनसुद्धा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचं पोर्ट. मी मुलुंडच्या घरी माझा अर्धवट ड्रायव्हर घातलेला राउटर लावून ठेवला होता. ड्रायव्हर ओळखीच्या पायरीवरच एरर देऊन बाहेर पडत होता आणि चिप तशीच उघडी. लॅनच्या बाजूला घरातला दुसरा राउटर, त्याचा डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटणारा, चालू. वॅनच्या बाजूला केबलवाल्याची वायर, जी जिन्यातल्या डब्यात शेजाऱ्यांच्या वायरींसोबत एकाच साध्या स्विचला जाते. रात्रभर मजल्यावरच्या लोकांना माझ्या घरातून आयपी पत्ते वाटले गेले. सकाळी केबलवाल्याचा पोरगा दारात. "काका, तुमच्याकडून काहीतरी सुटतंय." मला आधी वाटलं गॅसबद्दल बोलतोय.

तर एररने बाहेर पडतानाही चिपला रीसेटमध्ये ढकलून मगच बाहेर पडा. बूटलोडर (लिनक्सच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) चालू असतानाचे काही सेकंद मात्र तुमच्या हातात नसतात. ते दार बूटलोडरमध्येच बंद करावं लागतं.

टॅग: एक जाड रेघ, पाच पोर्ट

प्रोसेसरला येणारी रेघ एकच. मग आलेली फ्रेम (वायरीवरचं पॅकेट) लॅन१ ची की वॅनची, हे कळणार कसं? सोसायटीच्या गेटवर कुरियरवाला पार्सलं देतो तेव्हा वॉचमन पेनाने कोपऱ्यात ‘बी ३०४’ लिहून ठेवतो ना, तेच चिप करते. पाठवणाऱ्याच्या मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्यानंतर ती चार बाइट घुसवते. मीडियाटेकच्या टॅगमध्ये फ्रेम आत येताना पोर्टचा नंबर असतो, ३ बिटांत. बाहेर जाताना मात्र नंबर नसतो, पोर्टांचा मास्क असतो, एकेका पोर्टाला एकेक बिट. येताना ३ म्हणजे तीन नंबरचं पोर्ट. जाताना ३ म्हणजे पोर्ट ० आणि १, दोन्हीकडे. या फरकात मुलं हमखास अडकतात. रिअलटेक, मार्व्हेल, क्वालकॉम, प्रत्येकाचा टॅग वेगळा. म्हणून लिनक्समध्ये टॅग लावणारा-काढणारा कोड चिपच्या ड्रायव्हरपासून वेगळा ठेवलाय, आणि ड्रायव्हर फक्त "माझा टॅग अमुक" एवढं सांगतो.

ही सगळी बांधणी डीएसए (डिस्ट्रिब्युटेड स्विच आर्किटेक्चर) नावाने ओळखली जाते. लेनर्ट बायटेनहेक यांनी मार्व्हेलच्या चिपांसाठी ती लिहिली आणि २००८ मध्ये ती लिनक्स २.६.२८ मध्ये आली. तिचा फायदा असा की लॅन१, लॅन२, वॅन हे सगळे तुम्हाला साध्या नेटवर्क कार्डांसारखे दिसतात. एखाद्या लेखात ‘एसडब्ल्यूकॉन्फिग’ ही कमांड दिसली तर तो ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या पद्धतीबद्दल बोलतोय, २१.०२ या २०२१ च्या आवृत्तीपासून एकेक करून राउटर डीएसएकडे वळले. फ्रीबीएसडीत याच कामाला ‘एथरस्विच’ नावाची वेगळी चौकट आहे, तिथे पोर्ट अशी सुटी कार्डं म्हणून दिसत नाहीत.

नावांचा एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. जुन्या कोडमध्ये ईथ० ला ‘मास्टर’ आणि लॅन१ वगैरेंना ‘स्लेव्ह’ म्हणायचे. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ६.७ पासून ‘कंड्युइट’ आणि ‘यूझर’ म्हणतात. पण ब्रिजमध्ये (पोर्टांना एकत्र जोडणाऱ्या कर्नलमधल्या स्विचमध्ये) पोर्ट टाकतानाच्या कमांडमध्ये ‘मास्टर’ शब्द अजून आहे, आणि तिथे त्याचा अर्थ ब्रिज असा होतो. दोन्ही मास्टर एकच समजू नका.

ईथ० ला आयपी पत्ता देऊ नका. दिला तर काही काळ सगळं विचित्र वाटेल आणि मग तुम्ही मला विचाराल. पत्ता लॅन१ ला किंवा ब्रिजला. ईथ० ही फक्त नळी आहे.

आणि एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटाचा कमाल आकार. आत १५०० बाइटांचं पॅकेट असेल तर नळीतून १५०४ जायला हवेत. नळी १५०० वरच अडली असेल तर लक्षण ठरलेलं: पिंग मस्त, एसएसएचचं लॉगिन मस्त, पण वेबपेज उघडता उघडता टांगून राहतं. तपासायला पिंगला आकार १४७२ द्या आणि तुकडे करायला मनाई करा. १४७२ अधिक ८ (पिंगचं हेडर) अधिक २० (आयपीचं हेडर) बरोबर १५००. हे गेलं तर नळी पुरेशी रुंद आहे.

लिंक आली की नाही

फायच्या १ नंबरच्या रजिस्टरात बिट २ म्हणजे लिंक. पण हा बिट एकदा ० झाला की कुणीतरी वाचेपर्यंत ० च राहतो, मधल्या काळात केबल परत लागली तरी. मधे क्षणभर तुटलेली लिंक नजरेतून सुटू नये म्हणून तशी सोय आहे. आत्ताची स्थिती हवी तर दोनदा वाचा: पहिलं वाचन मागचा हिशेब चुकता करतं, दुसरं खरं सांगतं. इंटरप्टची वायर जोडलेली नसेल तर लिनक्स हे दर सेकंदाला स्वतःच विचारत राहतो, म्हणून केबल काढल्यावर लॉग यायला क्षणभर उशीर दिसतो.

यापेक्षा जास्त झोप घालवणारी गोष्ट म्हणजे जाड रेघेवरची लिंक. ऑफिसच्या एका बोर्डावर स्विच चिप वेगळी होती, प्रोसेसरला आरजीएमआयआयने जोडलेली. चार वायरींवर डेटा, १२५ मेगाहर्ट्झचं घड्याळ, त्याच्या चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांवर एकेकदा वाचायचं. म्हणजे प्रत्येक बिटाला ४ नॅनोसेकंद. घड्याळाची कड बिटाच्या मधोमध पडावी म्हणून घड्याळ सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा पोचायला हवं. हा उशीर कुणी घालायचा? प्रोसेसरने, चिपने किंवा बोर्डावर वायर लांब ओढून. तिघांपैकी एकानेच.

आमचं लक्षण असं: लिंक वर, १०००, फुल डुप्लेक्स, लॉगमध्ये एकही तक्रार नाही. आणि पिंग शंभरातले पाच-सहा. काउंटर दाखवणारं ‘ईथटूल -एस ईथ०’ दर सेकंदाला चालवून बघत बसलो. आलेल्या फ्रेमचा आकडा हळूहळू वाढायचा, सीआरसी एररचा (बिघडून आलेल्या फ्रेमचा) आकडा त्याच्या शेजारी धावत सुटायचा. तीन दिवस आम्ही टॅगच्या कोडमध्ये शोधत होतो. चौथ्या दिवशी कंटाळून मी फिक्स्ड-लिंकचा स्पीड दोन्हीकडे १०० केला, आणि सगळं शंभर टक्के चालायला लागलं. तिथे उलगडा झाला. १०० ला घड्याळ २५ मेगाहर्ट्झवर येतं, बिटाला ४० नॅनोसेकंद मिळतात, दोन-चार नॅनोसेकंदांची चूक खपून जाते. १००० ला नाही खपत. डिव्हाइस ट्रीत प्रोसेसरच्या बाजूलाही उशीर मागितला होता आणि स्विचच्या पोर्टातही. २ अधिक २, ४. घड्याळाची कड नेमकी पुढच्या बिटाच्या काठावर पडत होती. एक ओळ काढली. ती ओळ मीच टाकली होती, दुसऱ्या एका बोर्डावरून उचलून.

तेव्हापासून नवीन बोर्ड आला की मी पहिल्या तासात १०० ला उतरवून बघतो. १०० ला चालतं आणि १००० ला मरतं, तर सॉफ्टवेअर वाचत बसू नका, उशीर मोजा.

ब्रिज: तुम्ही सांगता कर्नलला, ऐकते चिप

सुरुवातीला सगळी पोर्ट सुटी असतात. लॅन१ आणि लॅन२ एकमेकांना दिसत नाहीत. दोघांना फक्त प्रोसेसर दिसतो. आता बीआर० नावाचा ब्रिज बनवा, आणि ‘आयपी लिंक सेट लॅन१ मास्टर बीआर०’, मग लॅन२ साठी तेच. कर्नल ड्रायव्हरच्या ‘पोर्ट ब्रिज जॉइन’ या फंक्शनला हाक मारतो. ते फंक्शन उघडून वाचा, मोठं नाही.

एमटी७५३० मध्ये प्रत्येक पोर्टाला एक मास्क असतो: या पोर्टावर आलेली फ्रेम कुठल्या पोर्टांवर जाऊ शकते. लॅन१ म्हणजे चिपचं पोर्ट १ आणि लॅन२ म्हणजे पोर्ट २ धरू. ब्रिजआधी दोघांचा मास्क ०१०००००० असतो, म्हणजे फक्त ६ नंबर, प्रोसेसर. ब्रिजमध्ये गेल्यावर पोर्ट १ चा ०१०००१००, पोर्ट २ चा ०१००००१०. प्रत्येकात समोरच्याचा एक बिट चढला. एवढंच. पोर्ट १ चा चढवला आणि पोर्ट २ चा विसरलात तर पॅकेटं एका दिशेने जातील आणि उत्तर येणार नाही. असं एकतर्फी दिसलं की आधी मास्क वाचा.

हे दोन बिट चढल्यावर लॅन१ आणि लॅन२ मधली फाइल चिपच्या आतल्या आत जाते. स्पीड मोजणाऱ्या आयपर्फला ९४० मेगाबिटच्या आसपास दिसतात आणि प्रोसेसर झोपलेला असतो. टीसीपीडम्प चालतो प्रोसेसरवर. त्याला दिसणार काय? सुरुवातीचे एआरपी दिसले, कारण ब्रॉडकास्ट सगळ्यांना जातो, प्रोसेसरलाही. ट्रेनीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

ब्रिजवर एसटीपी (वायरींचं चक्र होऊ न देणारी सोय) चालू केलंत तर पोर्ट लगेच वाहायला लागत नाही. ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ असे ३० सेकंद जातात. त्यावरून "ड्रायव्हर अडकला" अशी तक्रार लिहू नका.

पत्त्यांच्या वहीकडे (एफडीबी) मात्र नीट बघा. चिप स्वतः शिकते: अमुक मॅक पत्ता लॅन१ कडून आला. ब्रिजने वेगळं काही सांगितलं नसेल तर ही नोंद ३०० सेकंदांनी शिळी होते. केबल निघाली की त्या पोर्टाच्या नोंदी ताबडतोब पुसल्या जातात. पण घरातली ही परिस्थिती बघा: हॉलमध्ये वाय-फायचा एक डबा, तो केबलने राउटरच्या लॅन१ ला. राउटर बेडरूममध्ये, त्याचंही स्वतःचं वाय-फाय. तुम्ही लॅपटॉप घेऊन हॉलमधून बेडरूममध्ये गेलात. लॅन१ ची केबल तशीच लागलेली, त्यामुळे काही पुसलं गेलं नाही. राउटरच्या कर्नलला कळलं की लॅपटॉप आता वाय-फायवर आलाय. चिपच्या वहीत मात्र अजून लॅन१ च आहे. लॅन२ वरचा पीसी लॅपटॉपला काही पाठवतो आणि चिप ते इमानदारीत हॉलकडे ढकलते. पाच मिनिटं लॅपटॉप आणि पीसी एकमेकांना मेलेले. मग आपोआप बरं होतं, आणि म्हणून हा बग पकडणं अवघड जातं. इलाज असा की कर्नलच्या ब्रिजने वाय-फायवर जो पत्ता शिकला तो ‘पोर्ट एफडीबी ॲड’मधून चिपच्या वहीत प्रोसेसरच्या पोर्टावर लिहायचा. डीएसएत त्यासाठी एक झेंडा आहे, ‘असिस्टेड लर्निंग’ नावाचा. तुमच्या ड्रायव्हरने तो लावलाय का ते बघा. ‘ब्रिज एफडीबी शो’ने दोन्ही वह्या बघता येतात, जी नोंद चिपकडून आली तिच्यापुढे ‘सेल्फ’ आणि ‘ऑफलोड’सारख्या खुणा असतात.

आकडे

पॅकेटं हातातून जात नाहीत म्हटल्यावर ती ड्रायव्हरला मोजताही येत नाहीत. मोजते चिप, वाचतो ड्रायव्हर, त्याच बैलगाडीवरून. बाइटांचा काउंटर ३२ बिटांचा असेल तर गिगाबिटच्या पूर्ण वेगात तो ३४ सेकंदांत भरून परत शून्यावर येतो. म्हणून ड्रायव्हरने त्याआधी, काही सेकंदांनी, स्वतः वाचून ६४ बिटांच्या बेरजेत टाकत राहायचं. कुणी विचारेल तेव्हाच वाचू असं ठरवलंत तर तासाभराने येणारा आकडा निव्वळ कल्पना असेल.

आणि तरीही पॅकेट बघायचंच असेल

"पण मग सर, लॅन१ वर नक्की काय चाललंय ते बघायचं कसं?" मुलीने विचारलं, आणि हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला होता.

चिपला नक्कल काढायला सांगायची. ‘टीसी’ कमांडने लॅन१ वर आधी ‘क्लसॅक्ट’ (फिल्टर टांगायची खुंटी) बसवा, मग येणाऱ्या बाजूला ‘मॅचऑल’ फिल्टर लावा, त्यात ‘स्किप एसडब्ल्यू’ लिहा, म्हणजे हे काम सॉफ्टवेअरने नाही, चिपनेच करायचं, आणि ‘मिरर्ड’ने नक्कल लॅन३ वर पाठवा. कर्नल ड्रायव्हरच्या ‘पोर्ट मिरर ॲड’ला हाक मारतो, ड्रायव्हर एका रजिस्टरात ‘नक्कल इकडे’ आणि लॅन१ च्या रजिस्टरात ‘याची नक्कल काढ’ असं लिहितो. ड्रायव्हरमध्ये हे फंक्शनच नसेल तर कमांड सरळ नकार देते. ‘स्किप एसडब्ल्यू’ लिहिलंत म्हणूनच ती खरं बोलते, नाहीतर चुपचाप सॉफ्टवेअरमध्ये लागून काहीच न दाखवता बसली असती.

तिने स्टोअरमधून तिसरा लॅपटॉप मागवला, लॅन३ ला लावला आणि कॉपी परत सुरू केली. स्क्रीन इतक्या वेगाने धावायला लागली की तिला टीसीपीडम्प थांबवता येईना. मग म्हणाली, "पण सर, हे फक्त एकाच बाजूचं दिसतंय." बरोबर. फिल्टर येणाऱ्या बाजूलाच लावला होता. जाणाऱ्या बाजूसाठी दुसरा लावावा लागतो, आणि तो लावलात की दोन्ही बाजू मिळून एका गिगाबिटाच्या वर जाऊ शकतात, लॅन३ ची वायर मात्र एकाच गिगाबिटाची. तिथे जी पॅकेटं गळतील ती नकलेतली असतील, कॉपीतली नाहीत.